घरचं विमान: चाळीस हजारांत ग्राफिक्स कार्ड घ्यावं की रडर पेडल?

सड्यावरचा

नमस्कार मंडळी,

मुद्दा पैशाचा आहे, तेव्हा आधी तोच मांडतो. यंदा आंब्यातून चाळीस हजार बाजूला पडलेत. घरी विचारलं तर त्याचे दहा उपयोग सांगतील, म्हणून अजून विचारलेलं नाही. घरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी एवढ्यात एक तर बरं ग्राफिक्स कार्ड येईल, नाहीतर स्टिक, थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा) आणि रडर पेडल (शेपटीचं सुकाणू पायाने हलवायला) असा संच. दोन्ही होणार नाही.

राहायला सिंधुदुर्गात, पारुळ्याजवळ. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, पण सिम्युलेटरचं वेड त्याच्या कितीतरी आधीचं. मायक्रोसॉफ्टच्या एफएस २००४ वर सुरुवात केली, मग त्यांचाच एफएसएक्स, आता जुन्या पीसीवर दुसऱ्या कंपनीचं एक्स-प्लेन ११. दृश्य म्हणाल तर यथातथाच. ढगात शिरलं की सगळं अडखळतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे दगड मारायला सोपं जाईल. दृश्याचं कौतुक पहिले आठ दिवस, नंतर उरतं ते विमान कसं उडतं एवढंच. एफएसएक्स (२००६) तक्त्यांवर चालायचा. अमुक कोनाला अमुक उद्धरण (वर उचलणारं बळ), अमुक वेगाला अमुक ओढ, असे आकडे भरून ठेवलेले. सरळ उडाल तोवर छान. पण विमान स्टॉल होऊन (पंखांचं उद्धरण सुटून) गिरकीत गेलं आणि तिथले आकडेच तक्त्यात नसले, तर ते काहीतरीच करतं. एक्स-प्लेनमध्ये त्याच्या कर्त्या ऑस्टिन मेयरने पंख, शेपटी आणि पंख्याच्या पात्यांचे लहान लहान तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्यावर त्या क्षणी हवा किती वेगाने, कुठल्या कोनातून येते ते काढायचं आणि सगळ्या बळांची बेरीज करायची. ब्लेड एलिमेंट थिअरी. विमानाचा आकार बदला, वागणं बदलतं. मला हे खरं वाटतं. नवीन सिममधली चकाचक पोस्टरं मला नकोत.

तर कार्ड की पेडल? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

देवगडी_हापूस

पोस्टरं म्हणे! अहो सड्यावरचे, तुम्ही उंबऱ्यातून बाहेर पडलात की समुद्र दिसतो. आम्ही डोंबिवलीत राहतो. रात्री जेवण उरकलं की मी जुहूहून सेस्ना काढतो आणि किनारा डावीकडे धरून खाली येतो. अलिबाग, मुरूड, मग बाणकोटची खाडी, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, पूर्णगड, विजयदुर्ग. जीपीएस बंद. खाड्या मोजत यायचं. वाशिष्ठीचं तोंड कुठलं आणि शास्त्रीचं कुठलं हे चित्रावरून ओळखता आलं नाही, तर मी हरवलोच. नजरेने उडायचं, तर दृश्य हीच यंत्रणा झाली ना? तिला नटवेपणा कसं म्हणणार?

एफएसएक्समध्ये हा किनारा म्हणजे एक हिरवट पट्टा आणि त्याला लागून निळा पट्टा. तुमचं फ्लाइट मॉडेल (विमान कसं उडतं त्याचं गणित) कितीही खरं असो, त्यातून मी देवगडला पोचलो हे कळायचं कशावरून? आकड्यावरून? मग एक्सेल शीट उघडून बसतो.

मायक्रोसॉफ्टचं २०२० चं सिम आलं, ऑगस्टमध्ये, लॉकडाऊन होता, गावाला जाता येत नव्हतं. उपग्रहाच्या चित्रावर आमच्या घराचं छप्पर शोधून काढलं. आईला दाखवलं. तिने विचारलं, माड कुठे आहेत? असो.

जांभा_आणि_जावा

माड कुठे आहेत याचं उत्तर देतो, कारण माझा निम्मा वेळ सिनरीत, म्हणजे सिममधला मुलूख उभा करण्यात जातो (माझं सिम फ्लाइटगिअर, फुकट, १९९७ पासून आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं. हो, जाहिरात करतोय).

हापूसशेठ, तुम्ही ज्याला खरं दृश्य म्हणताय त्याचे थर सुटे करून बघा. खाली उंचसखलपणाचा नकाशा. त्यावर उपग्रहाचं चित्र पसरलेलं. त्यावर घरं आणि झाडं, जी चित्र बघून संगणकाने अंदाजाने उभी केलेली. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये हे काम ऑस्ट्रियातल्या ब्लॅकशार्कच्या प्रणालीने केलं. चित्रात छप्पर दिसलं की त्या आकाराचं घर उभं करायचं, हिरवं दिसलं की झाड लावायचं. तो माड की काजू हे वरून तिला कुठून कळणार?

आणि अंदाज कसे फसतात तेही बघा. २०२० मध्येच मेलबर्नच्या एका साध्या वस्तीत लोकांना आकाशात घुसलेला एक सुळका सापडला. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या नकाशावर कोणीतरी एका इमारतीचे मजले २ ऐवजी २१२ टंकले होते. सिमने इमानदारीत २१२ मजले बांधले.

आपल्याकडची गंमत वेगळी. उपग्रहाची चित्रं निवडताना ढग नसलेली निवडतात. कोकणात ढग नसतात कधी? हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात. म्हणजे तुम्ही जुलैत सिम लावा, खरं हवामान चालू करा, वरून धो धो पाऊस, आणि खाली सडे (जांभ्याची पठारं) मार्चसारखे करपलेले. बाहेर खिडकीतून बघाल तर तोच सडा हिरवागार. एक्स-प्लेन १२ ने ऋतू आणलेत, पण आपला पावसाळा हा चौथा-पाचवा नाही, पहिला ऋतू आहे हे अजून कोणाला पटलेलं दिसत नाही.

उंचीचं तर विचारूच नका. पुष्कळ सिनरींचा पाया आहे एसआरटीएम, म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने रडारने केलेली मोजणी. अमेरिकेबाहेरची माहिती बराच काळ ९० मीटरच्या जाळीची मिळायची. ९० मीटरवर एक ठिपका, तर आपले समुद्रात तुटून पडणारे कडे उतरणी होऊन जातात. आणि २००० साल म्हणजे उलव्याची टेकडी जागेवर होती. नवी मुंबई विमानतळासाठी ती कापून सपाट केली, नदी वळवली. कच्ची एसआरटीएम वापरून तिथे धावपट्टी टाकून बघा, टेकडीवर चढवलेली दिसेल.

निळी_पेटी

तरुण मंडळींचं चाललंय ते वाचून मजा वाटली. थोडं मागे नेतो.

१९२९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाच्या माणसाने पहिला चालणारा सिम्युलेटर केला. वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना होता. तिथले भाते, झडपा आणि पंप वापरून त्याने एक बुटकी निळी खोकी हलवून दाखवली. आपल्या भजनी मंडळातल्या पेटीचा भाता आठवा, त्याच जातीचा भाता हवा भरून विमान डावी-उजवीकडे कलवायचा. सुरुवातीला जत्रेतलं खेळणं म्हणूनच खपलं. १९३४ मध्ये अमेरिकन लष्कराकडे टपाल वाहून नेण्याचं काम आलं, खराब हवेत वैमानिक मरू लागले, आणि मग लष्कराने सहा पेट्या घेतल्या. दुसऱ्या महायुद्धात त्यावर लाखो वैमानिक शिकले.

दृश्य किती होतं? शून्य. वर झाकण लावायचे, आत अंधार आणि समोर घड्याळं. शिकायचं होतं तेच मुळी बाहेर काही न बघता उडणं.

तेव्हा सड्यावरच्यांना माझा पाठिंबा, पण अर्धाच. त्या पेटीत ग्राफिक्स नव्हतं ते गरज नव्हती म्हणून. ढगातून उतरायचा सराव हवा तर ढग सुंदर असण्याची गरज नाही. किनारा ओळखत यायचा सराव हवा तर हापूसराव म्हणतात ते बरोबर. खरेपणा कशासाठी हवा ते आधी ठरवा, कार्ड मागाहून.

खारवी_मालवण

माका इमानातला काय एक कळणा नाय. झिलान ह्या सिम लावन दिल्यान म्हणान बघतंय. पण एक गजाल सांगतंय. सकाळी फाटफटी आमच्याकडे मतलय सुटता, जमिनीवरसून दर्यात. धा-अकरा वाजले की वारो फिरता आणि दर्यावरसून येवक लागता. होडी घालणाऱ्या बारक्या पोराक पण ह्या म्हायत आसता. तुमच्या सिमात सकाळी सात वाजता पण वारो दर्यावरसूनच. तेव्हाच माका कळला, ह्या लांबच्या खयच्यातरी माणसान केल्ला.

आणि भरती-सुकती खय आसा? देवबागाक संगमार सुकतीक वाळू वर येता. हयसर पाणी दिवसभर तितक्याच.

तीन_अंश

खारवीदादा, दंडवत. तुम्ही जे पकडलंत ते सिमवाले वर्षानुवर्षं उडून पकडत नाहीत.

ओळख: मूळचा रत्नागिरीचा, सध्या एटीआर ७२ या पंख्याच्या प्रवासी विमानावर को-पायलट. कुठल्या कंपनीत ते राहू द्या.

वाऱ्याचं कारण सोपं आहे. सिममधलं 'खरं हवामान' दोन ठिकाणांहून येतं. विमानतळांचे मेटार, म्हणजे तिथल्या हवेचे ताजे अहवाल, आणि मधल्या जागा भरायला जागतिक हवामान मॉडेल. एक्स-प्लेन १२ अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलवर चालतं, मायक्रोसॉफ्टवाले स्वित्झर्लंडच्या मेटिओब्लूचा डेटा घेतात. जीएफएसचा बारीक संचसुद्धा पाव अंशाच्या चौकोनांचा, म्हणजे साधारण २७ किलोमीटर. आपली कोकणपट्टी पन्नास-साठ किलोमीटर रुंद. समुद्र आणि सह्याद्री यांच्यामध्ये चौकोन बसतात दोन. मतलई वारा हा किनाऱ्यालगतचा, कमी उंचीचा, सकाळपुरता वारा. त्या चौकोनात तो सरासरीत जिरून जातो.

आणि हे नुसतं शोभेचं नाही. चिपीची धावपट्टी २,५०० मीटर, साधारण पूर्व-पश्चिम. सकाळी वारा जमिनीवरून आला की एका टोकाकडून उतरायचं, दुपारी समुद्रावरून आला की दुसऱ्या. म्हणजे सकाळचा वारा चुकला तर सिममध्ये सकाळचं अख्खं अॅप्रोच उलट्या दिशेने होतं. दृश्य कितीही देखणं असो आणि फ्लाइट मॉडेल कितीही अचूक, दोघांनाही हवेचा पत्ता चुकीचा दिलेला आहे.

आता कार्ड-पेडल वादावर. आम्ही टाइप रेटिंग (एका जातीचं विमान उडवायची पात्रता) ज्या सिम्युलेटरवर करतो तो सहा पायांवर हलणारा, खोलीएवढा. त्यातलं दृश्य बघून तुमच्यातले काही हसतील, तुमच्या घरच्या सिमची झाडं जास्त चांगली आहेत. पण धावपट्टीचे दिवे, उतरण्याचा कोन दाखवणाऱ्या पापीचे लाल-पांढरे, धुक्यात ते किती अंतरावरून दिसायला लागतात, हे काटेकोर असतं. बाकी ठिकाणी चित्र साधं ठेवलेलं चालतं.

तिसरा एक खरेपणा तुम्ही कोणी काढलाच नाही, यंत्रणांचा. एटीआरला मागे एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज पुरवणारं छोटं इंजिन, नसतं. जमिनीवर उजवं इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेक लावून थांबवतात आणि त्यावर वीज-एसी चालवतात, त्याला हॉटेल मोड म्हणतात. एखाद्याने तुम्हाला सिमचं एटीआर विकलं तर आधी हे करून बघा. जमलं नाही तर ते एटीआरच्या रंगातलं दुसरंच काही आहे. एअरबसवाल्यांसाठी फ्लायबायवायर या गटाचं ए३२० फुकट आहे आणि यंत्रणांच्या बाबतीत फार चांगलं आहे.

शिकाऊ_घार

मी सीपीएलचं (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याचं) ट्रेनिंग घेतेय (दोनशे तासांचा डोंगर, चढतेय). शाळेत दाखल व्हायच्या आधी घरी भरपूर सिम केलं होतं, म्हणून लिहिते. घरच्या सिमचा एकही तास लॉगबुकात जात नाही हे आधी सांगून ठेवते, कोणी भ्रमात असेल तर.

सिमवरून येणाऱ्या पोरांची खोड म्हणजे डोळे आत. घड्याळांकडे बघत उडायचं. आमच्या सरांनी सरळ नकाशाने पॅनेल झाकलं आणि म्हणाले, आता उतरव. हापूसदादांचं म्हणणं इथे खरं ठरतं, पण वेगळ्या कारणाने. विमान टेकवताना आपण समोरच्या झाडाची पानं बघत नाही. डोळ्याच्या कडेला जमीन किती रुंदावतेय, किती वेगाने वर येतेय, त्यावरून नाक उचलायची वेळ कळते. घरचा मॉनिटर तुम्हाला भिंतीतल्या झरोक्यातून बघायला लावतो. चित्र फोर-के असलं तरी झरोका तेवढाच. त्यापेक्षा जुने तीन मॉनिटर अर्धगोल लावा, नाहीतर डोकं वळलं की दृश्य वळवणारं ट्रॅकर घ्या. दृश्याची बारकाई जरा कमी चालेल, रुंदी हवी.

आता सड्यावरच्या काकांचं. स्टिक घ्याल ती स्प्रिंगची. खऱ्या सेस्नात वेग वाढला की योक (विमानाचं हँडल) जड होतो, कमी झाला की ढिला पडतो. ट्रिमचं चाक फिरवायचं ते हातावरचा तो भार जाईपर्यंत. स्प्रिंगच्या स्टिकला भार कायम एकच, मधोमध येऊन थांबण्याचा. म्हणजे आत ब्लेड एलिमेंटने कितीही सुरेख हिशेब केला, तरी तुमच्या हातात पोचते ती स्प्रिंग. ट्रिम मला विमानात पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. पेडलचं मात्र तसं नाही. टेकऑफला उजवा पाय दाबायची सवय लागते आणि ती खरीच कामाला येते. स्टिक साधी घ्या, पैसे पेडलवर घाला.

अवांतर: कार्बोरेटरचा बर्फ. बाहेर २५ अंश, घामाच्या धारा, आणि इंजिनात बर्फ धरतो यावर घरी कोणाचा विश्वास बसत नाही. पण दमट हवेत, थ्रॉटल कमी करून उतरताना, सेस्ना १५२ सारख्या कार्बोरेटरवाल्या इंजिनात तो धरतो. आपल्या किनाऱ्यासाठी याहून खरी गोष्ट कुठली? सिममध्ये विमान निवडताना हे घडतं का बघा. (१७२एस मध्ये बघू नका, तिला फ्युएल इंजेक्शन आहे.)

मोडकी_स्टिक

दुरुस्तीवाला बोलतोय, चिपळूण.

स्टिकबद्दल एकच. खारी हवा. पोटेन्शिओमीटरवाल्या (आत घासून हालचाल मोजणाऱ्या) स्टिकचा ट्रॅक दोन पावसाळ्यांत खराब होतो, मग विमान आपोआप मान झटकायला लागतं आणि गिऱ्हाईक म्हणतं टर्ब्युलन्स किती छान दाखवलाय. हॉल सेन्सरची घ्या. त्यात चुंबक असतो, घासणारं काही नसतं. थ्रस्टमास्टरची टी१६०००एम तशी आहे.

आता खरा मुद्दा. तुम्ही सगळे ग्राफिक्स एकीकडे आणि फ्लाइट मॉडेल दुसरीकडे असं धरून भांडताय. तारा एकमेकांत गुंतलेल्या आहेत. सेकंदाला २० फ्रेम्स (चित्रं) असतील तर प्रत्येक चित्र ५० मिलिसेकंद जुनं. वर मॉनिटरचा उशीर. तुम्ही स्टिक हलवता, काही दिसत नाही म्हणून आणखी हलवता, मग एकदम दोन्ही दिसतं, मग उलटं दाबता. नाक वर-खाली डोलायला लागतं. लोक म्हणतात विमानाचं मॉडेल वाईट. मॉडेल बरोबर आहे हो, तुम्हाला उशिरा दिसतंय.

त्यात एक्स-प्लेन फ्लाइट मॉडेलचं गणित फ्रेमला बांधून करतं. फ्रेम्स वीसच्या आसपास खाली गेल्या की गणित बिघडू नये म्हणून ते चक्क वेळच हळू करतं. म्हणजे सड्यावरचे, तुम्ही ढगात अडखळता तेव्हा तुमचं ते लाडकं फ्लाइट मॉडेल घड्याळ मागे ओढत असतं.

पण म्हणून धावत कार्ड आणू नका. फ्रेम रेट दाखवायची सोय चालू करा, तिथे सीपीयू (प्रोसेसर) आणि जीपीयू (कार्ड) दोघांचे वेळ वेगवेगळे दिसतात. ज्याचा वेळ मोठा तो अडवतोय. एक्स-प्लेन ११ मध्ये बहुतेक वेळा प्रोसेसर अडतो, कार्ड बिचारं रिकामं बसतं. सेटिंगमध्ये व्हल्कन (चित्र काढायची नवी, हलकी पद्धत) चालू आहे ना तेही बघा.

देवगडी_हापूस

मोडकी_स्टिक यांना +१. घार ताईंचा रुंदीचा मुद्दाही मान्य. पण सगळे मिळून मला गप्प करताय असं दिसतंय. मग एक सांगा, नेटवर कुठलाही धागा काढा, भांडण ग्राफिक्सवरच का होतं?

तीन_अंश

कारण चित्र चुकलं की कोणीही सांगू शकतो. तुमच्या आईंनी माड विचारले. खारवीदादांनी वारा पकडला, कारण तो वारा त्यांच्या रोजच्या जगण्यातला. विमान चुकीचं उडतंय हे सांगायला मात्र ते विमान उडवलेलं असावं लागतं, आणि तसे लोक धाग्यावर एखाददुसरे. बाकीचे 'जड वाटतं' म्हणजे खरं, 'हलकं वाटतं' म्हणजे गेम, असं धरून चालतात. एफएसएक्सच्या काळात कित्येक अॅडऑन नुसते मंद करून 'रिअलिस्टिक' म्हणून खपायचे.

न उडवता तपासायची एक सोय आहे. विमानाची पुस्तिका. सेस्ना १७२एस घ्या, पूर्ण वजनाला. इंजिन बंद करा, ६८ नॉट धरा. दर हजार फुटांमागे साधारण दीड सागरी मैल सरकली पाहिजे. फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) न लावता ४८ नॉटच्या आसपास स्टॉल, पूर्ण फ्लॅपला ४०. हे जमलं तर निदान आकडे खरे. स्टॉलनंतर काय होतं ते पुस्तिका सांगत नाही, तिथे सड्यावरच्यांचं ब्लेड एलिमेंट कामाला येतं, आणि तिथेही पंखाच्या आकाराची माहिती कोणी किती नीट भरली यावर सगळं अवलंबून. थिअरी चांगली म्हणून विमान चांगलं, असं नसतं.

सड्यावरचा

सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं.

मोजलं. मोडकी_स्टिक म्हणाले तसंच, चिपीवर आणि मुंबईवर दोन्हीकडे सीपीयूचा वेळ मोठा, कार्ड निवांत. व्हल्कन बंद होतं, चालू केलं. रिफ्लेक्शन आणि वस्तूंची संख्या एकेक पायरी खाली आणली. ढगात अजून फार सुख नाही, पण वेळ हळू होत नाही.

१७२ चा तपासही केला. ६८ नॉटला पाच हजार फुटांवरून जवळजवळ सात मैल गेली. जमेस धरायला हरकत नाही.

ठरलं ते असं: पेडल, हॉल सेन्सरची साधी स्टिक, आणि कुडाळातून दोन जुने मॉनिटर. काही उरले तर घरी देईन, म्हणजे पुढच्या वर्षी विचारायला तोंड राहील.

ग्राफिक्सबद्दल मत तेवढं बदललेलं नाही. हापूसराव, तुमच्यासारखं छप्पर शोधायची मला गरज नाही, मी त्याच्याखालीच बसलोय.

जांभा_आणि_जावा

काका, मग एक काम करा ना. एक्स-प्लेनचं वर्ल्डएडिटर फुकट आहे. चिपीच्या टर्मिनलची जागा, टॅक्सीवे, खुणा नीट बसवा आणि सिनरी गेटवेवर पाठवा. मंजूर झालं की पुढच्या आवृत्तीत जगभर सगळ्यांना तेच मिळतं. तुम्ही कुंपणाबाहेरून रोज बघता, सिम बनवणारा बोर्दोतला किंवा साउथ कॅरोलिनातला माणूस कधी बघणार? माडाचं चित्र मी देतो.

शिकाऊ_घार

रविवारी कोणी येतंय का? जुहू ते चिपी, किनारा धरून, जीपीएस बंद. १७२ ने साधारण १९० सागरी मैल, पावणेदोन तास. व्हॅटसिम या ऑनलाइन जाळ्यावर भेटू, तिथे एक्स-प्लेन, मायक्रोसॉफ्ट, फ्लाइटगिअर सगळे एकमेकांना दिसतात. खाड्या मोजायचं काम हापूसदादांकडे.

देवगडी_हापूस

आलो. हवामान खरं ठेवायचं की स्वच्छ? मुंबईत आत्ता समोरची इमारत दिसत नाहीये.

तीन_अंश

खरं. ढग खाली असले तर निघायचं नाही, नजरेने उडताना नियम तोच. माझी ड्यूटी नसली तर येतो.

खारवी_मालवण

झील येतलो. पण आमच्याकडे रविवारी लायट जाता. मधीच गेली तर?

शिकाऊ_घार

६८ नॉट.